जावळीच्या घाटवाटा : काही फटफटीवरून, काही पायी

स्मरणिकेत ऐतिहासिक लेख म्हटला म्हणजे घराण्यांच्या वंशावळी, जुन्या सनदा, वतनांचे कागद यांविषयी काही असावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. संपादक मंडळानेही आमच्याकडून त्याच स्वरूपाच्या लेखाची अपेक्षा केली होती. परंतु आमच्यापाशी सनद नाही आणि वंशावळही चार पिढ्यांपलीकडे जात नाही. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन ३६ वर्षे वाई व जावळी तालुक्यांतील प्राथमिक शाळांतून मुले शिकविली आणि निवृत्त झालो. तेव्हा ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्यासारखे आमच्याजवळ एवढेच आहे, की चौथीच्या वर्गात शिवछत्रपतींचा जो इतिहास आम्ही शिकविला, त्यातील एक महत्त्वाची गोष्ट चुकीची शिकविली, आणि ती चूक वयाच्या ६६ व्या वर्षी, फटफटीवरून फिरताना आमच्या ध्यानी आली. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

प्रथम फटफटीविषयी दोन शब्द. आमची गाडी म्हैसूरच्या कारखान्यात तयार झालेली येझदी. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, पण गाडी अद्याप चालू आहे. आम्ही ती १९८६ साली जुनीच घेतली, कारण त्या वेळी आमची बदली अशा गावी झाली होती, जेथे एस. टी. दिवसातून एकदाच जाई आणि तीही शाळा सुटल्यावर. हिच्यात किक मारण्याचा व गिअर बदलण्याचा दांडा एकच आहे. पेट्रोलमध्ये तेल मिसळून घालावे लागते. आवाज असा, की गावच्या वेशीशी आलो तरी शाळेतील मुले हातातील गोट्या टाकून वर्गात जाऊन बसत. घरातील मंडळींच्या मते आता ही गाडी भंगारवाल्याकडे व आम्ही पारावर असावयास हवे. त्यामुळे डिसेंबर २०२४ मध्ये वाई, महाबळेश्वर, प्रतापगड, पोलादपूर, महाड व तेथून वरंधा घाटाने भोर अशी फेरी करण्याचा बेत आम्ही जाहीर केला, तेव्हा बराच गहजब झाला. अखेर आमच्या पुतण्याने बरोबर येण्याचे कबूल केले आणि त्या अटीवर अनुज्ञा मिळाली.

आता चुकीविषयी. अफझलखानाचा पाठ शिकविताना आम्ही फळ्यावर नकाशा काढीत असू. एका टोकाला वाई, दुसऱ्या टोकाला प्रतापगड, आणि दोहोंना जोडणारी खडूची ठसठशीत रेघ : वाई, पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळीचा घाट, प्रतापगड. एका शाळेत तर आम्ही पेंटर बोलावून हा नकाशा भिंतीवर कायमचा रंगवून घेतला होता. ही रेघ म्हणजे आजचा डांबरी मोटाररस्ता. खान ह्याच वाटेने आला, असे आम्ही ठासून सांगत असू. खरे म्हणजे असे आम्हांस कोणी सांगितले नव्हते व आम्ही कोठे वाचलेही नव्हते. रस्ता डोळ्यांसमोर होता, म्हणून तोच खानाचाही रस्ता, इतकेच आमचे शास्त्र.

एका वर्षी जावळी खोऱ्यातला एक मुलगा वर्गात होता. वडील मुंबईस माथाडी कामगार, पोरगा मामाकडे शिकावयास राहिलेला. तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, खान ह्या रस्त्यानं न्हाय आला. आमची आजी म्हणती, त्यो रडतोंडीनं उतरला.” ‘रडतोंडी’ हा शब्द ऐकून वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि त्याला म्हणालो, “तुझ्या आजीने परीक्षा दिली आहे काय? खाली बस.” मुलगा खाली बसला. त्या वर्षी इतिहासाच्या तासाला त्याने पुन्हा तोंड उघडल्याचे आम्हांस स्मरत नाही.

असो. मार्गशीर्षातल्या थंडीत पहाटे आम्ही निघालो. वाईच्या कृष्णाकाठाविषयी, ढोल्या गणपतीविषयी किंवा मेणवलीच्या नानांच्या वाड्याविषयी येथे लिहीत नाही; आमच्या वाचकांपैकी निम्मे तेथे वर्षातून एकदा जातातच. वाईपासून पाचगणी सुमारे १२ किलोमीटर, पण तेवढ्यात पसरणीचा घाट लागतो आणि हवा बदलते. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव. शाहिरांनी गाऊन घरोघर पोचविलेले गीत २०२३ साली राज्यगीत झाले, तेव्हा गावकऱ्यांना काय वाटले असेल याची कल्पना करीत आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये वळणे चढत होतो. पाठीमागून मोठमोठ्या फटफट्यांचा एक तांडा आला. वीस-पंचवीस तरी असाव्यात. स्वारांच्या अंगावर चिलखतासारखे पोशाख, गाड्यांवर निशाणे. क्षणात ते पुढे निघून गेले. लमाणांचे तांडे ह्याच डोंगरांतून बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य वाहत असत. त्यांचा तांडा असा भर्रकन जात नव्हता, एवढाच फरक.

पाचगणी मागे टाकून महाबळेश्वरास पोचलो, तेव्हा वेण्णा तलावावर अजून धुके होते. हा तलाव साताऱ्याच्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधविला. महाबळेश्वराचे माहात्म्य दोन प्रकारचे आहे. एक जुने : क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री ह्या पाच नद्यांचे उगम मानले जातात. दुसरे नवे : इंग्रजांच्या आजारी अधिकाऱ्यांसाठी थंड हवेचे ठिकाण. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ च्या तहाने हे ठिकाण प्रतापसिंह महाराजांकडून मिळविले व त्याच्या बदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव दिले. आज पर्यटक पाहतात ते सारे ह्या दुसऱ्या माहात्म्याचे पाहतात. माल्कम, लॉडविक, एल्फिन्स्टन ह्यांच्या नावांचे कडे आणि त्यांवरील मक्याची कणसे.

येथे थोडे थांबून घाटांविषयी सांगणे अवश्य आहे, त्याशिवाय पुढील गोष्टीचा उलगडा होणार नाही.

देश आणि कोकण यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. ती ओलांडण्यासाठी जुन्या काळी ज्या वाटा होत्या, त्या खुरांसाठी होत्या. बैलाच्या पाठीवर गोणी टाकली की तो उभ्या चढणीवरून, पायऱ्यापायऱ्यांच्या खडकावरून जाऊ शकतो; त्याला फक्त पाय ठेवण्यापुरती जागा हवी. म्हणून जुनी वाट डोंगराची एखादी सोंड धरते किंवा ओढ्याच्या नाळेतून सरळ खाली उतरते. लांबी कमी, श्रम अधिक. चाकाचे तसे नाही. गाडीला सौम्य चढ हवा. म्हणून गाडीरस्ता डोंगराला वेढे घालीत, कडा तासून, मोऱ्या बांधून न्यावा लागतो. लांबी तिप्पट होईना का, बैलाच्या मानेवर ताण येता कामा नये. सह्याद्रीत असे रस्ते मुख्यतः इंग्रजी अमदानीत झाले. बोरघाटाचा गाडीरस्ता माल्कमच्याच कारकीर्दीत १८३० साली खुला झाला. आंबेनळीच्या घाटाला तर इंग्रजी कागदांत फिट्झजेराल्ड घाट असेच नाव आहे, कारण १८६७ ते १८७२ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सर सेमूर फिट्झजेराल्डचे नाव त्यास दिले गेले.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. १६५९ साली येऊन गेलेल्या खानाला आम्ही ३६ वर्षे एका अशा रस्त्याने चालवीत होतो, जो त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला!

हे अंकगणित चौथीच्या मुलालाही जमले असते. आम्हांस मात्र ते महाबळेश्वरच्या पश्चिमेस, मेटतळे गावाशी गाडी उभी केली तेव्हा सुचले. ‘मेट’ म्हणजे पहाऱ्याची चौकी. पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून आम्ही आत डोकावत होतो, इतक्यात एक वयस्क गृहस्थ काठी टेकीत आले व कोठे निघालात म्हणून विचारते झाले. प्रतापगडास, असे सांगताच ते म्हणाले, “गाडीनं व्हय? मग लांबनं जावा. खानाची वाट ही हिकडनं खाली जाती.” आम्ही विचारले, “कोणती वाट?” ते म्हणाले, “रडतोंडी.”

मुलाच्या तोंडून जो शब्द ऐकून आम्ही हसलो होतो, तोच शब्द आता ह्या गृहस्थांच्या तोंडी होता. पुतण्या आमच्याकडे पाहू लागला. आम्ही त्याला गाडीची किल्ली दिली आणि वाडा कुंभरोशीवरून फिरून पारला येऊन थांब म्हणून सांगितले. “काका, तुमचे गुडघे?” एवढेच तो म्हणाला. गुडघे आमचे आहेत, असे उत्तर देऊन आम्ही त्या गृहस्थांबरोबर वाटेला लागलो.

रडतोंडीच्या घाटाचे वर्णन करणे कठीण आहे, कारण त्यात पाहण्यासारखे असे काही नाही. कमान नाही, शिलालेख नाही, फलकही आम्हांस दिसला नाही. रान आहे, आणि रानातून खाली जाणारी एक घसरडी वाट आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा, कारवी यांनी दोन्ही बाजू अशा भरल्या होत्या, की दहा हातांवरचे माणूस दिसेना. कोठे दगड पायरीसारखे बसलेले, कोठे पावसाने वाट धुऊन नेलेली. आम्ही दोनदा घसरलो, एकदा बसलो. आमचे वाटाडे मात्र बोलत चालले होते. “आमच्या म्हातारीच्या वक्ताला ही वाट चालती हुती. म्हाडाचं मीठ हितनंच वर यायचं.” नाव रडतोंडी का पडले, म्हणून विचारता ते म्हणाले, “चढून बघा, म्हंजी कळंल.” काही लोक हे नाव खानाच्या फौजेच्या रडण्याशी जोडतात. आम्हांस वाटाड्यांचे उत्तर अधिक पटले.

खाली उतरता उतरता आमच्या डोक्यात ३६ वर्षांचा पाठ पुन्हा उलगडू लागला.

जावळी हे मोऱ्यांचे राज्य. चंद्रराव ही त्यांची पदवी. महाडपर्यंत सावित्रीच्या खाडीतून माल येई आणि तेथून पारच्या घाटाने देशावर चढे. वाई, कऱ्हाडच्या बाजारपेठा आणि कोकणची बंदरे यांच्यामधील ही दारे ज्याच्या हाती, त्याच्या हाती जकात आणि त्याच्याच हाती युद्ध व तह. महाराजांनी १६५६ साली जावळी घेतली व लगोलग पारघाटावर नजर ठेवणाऱ्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधविला, त्याचे कारण हे. गड दऱ्याखोऱ्यांची शोभा पाहण्यासाठी बांधला नव्हता. तो वाटेच्या उरावर बसविला होता.

पुढे १६५९ साली खान वाईस येऊन उतरला. तो पूर्वी वाईचा सुभेदार होता; ह्या मुलखाचा त्याला अनुभव होता. मोकळ्या मैदानात त्याच्या घोडदळापुढे टिकाव लागणार नाही, हे महाराज जाणून होते. म्हणून ते राजगड सोडून प्रतापगडी आले. त्याच सुमारास, ५ सप्टेंबर १६५९ रोजी, राजगडावर सईबाईसाहेबांचे निधन झाले. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर आणि महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ यांच्या खेपा झाल्या आणि खान जावळीत उतरण्यास राजी झाला. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहिले आहे, की महाराजांनी खानाच्या येण्यासाठी जंगल तोडून एक वाट मोकळी करून दिली आणि बाकीच्या सर्व वाटा काळजीपूर्वक बंद केल्या. हे वाक्य आम्ही मराठी अनुवादात वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि ती वाट उतरणे वेगळे.

आमचा पाठ असा असे : खान आला, भेट झाली, दगा झाला, वाघनखे चालली, खान पडला, फौज पळाली. मुलांना वाघनखे आवडत. आम्हांसही आवडत. आम्ही बोटे वाकवून दाखवीत असू. परंतु रडतोंडीच्या मध्यावर एका दगडावर बसून वर पाहिले, तेव्हा आकाशाचा एक तुकडा आणि दोन्हीकडे रान एवढेच दिसले. हत्ती, उंट, तोफा, बाजारबुणगे घेऊन एखादी फौज ह्या वाटेने एकामागे एक अशी खाली उतरली, म्हणजे तिचे पुढचे टोक कोयनेकाठी पोचले तरी शेपूट वरच असणार. आणि उतरल्यावर? परत फिरायचे तर हीच चढण. वरच्या तोंडाशी पन्नास मावळे दगड घेऊन बसले, की काम संपले. भेटीचा दिवस, १० नोव्हेंबर १६५९, उजाडण्याच्या आधीच खानाच्या सैन्याचे भवितव्य ठरले होते. वाघनखांनी खान मारला असेल, पण त्याची फौज बुडविली ती ह्या वाटेने.

ह्याला पुरावा काय, असे कोणी विचारील. सभासदाच्या बखरीत लुटीचा आकडा आहे : हत्ती ६५, घोडे ४०००, उंट १२००. आकडे थोडेफार वाढवून सांगितले असतील असे धरले, तरी प्रश्न राहतोच, की एवढी जनावरे हाती लागली कशी? मैदानात पराभव झाला तर घोडेस्वार घोड्यासकट पळतो. येथे घोडे मागे राहिले. चार पाय असून जनावरांना जाण्यास वाट नव्हती, हाच त्याचा अर्थ. ही यादी आम्ही मुलांकडून पाठ करून घेत असू, पण तिचा अर्थ आम्हांस कधी दिसला नव्हता. मोटाररस्त्याची रेघ फळ्यावर काढली की तो दिसत नाही. त्या रेघेवरून खान हवा तेव्हा परत वाईला जाऊ शकतो.

पारला पोचण्यास आम्हांस दोन तासांहून अधिक वेळ लागला. पुतण्या रामवरदायिनीच्या देवळाशी गाडी उभी करून वाट पाहत होता. तो म्हणाला, “काका, मी पाऊण तासापूर्वीच आलो, वाटेत चहासुद्धा घेतला.” वाटाड्यांनी पैसे घेतले नाहीत, बिडीबंडल मात्र घेतले. पारजवळ कोयनेवर दगडी पूल आहे. शिवकालीन पूल म्हणून तो दाखविला जातो. काळाविषयी तज्ज्ञांनी बोलावे. आम्ही एवढेच सांगू, की आमची येझदी, पुतण्या व आम्ही असे तिघेही त्यावरून निर्धास्त पार झालो. खानाची छावणी ह्याच पारच्या परिसरात होती. गडावर इशारतीची तोफ झाली आणि रानात दबा धरून बसलेले मावळे येथे तुटून पडले. आज तेथे भाताची खाचरे आहेत. कापणी झालेली होती.

प्रतापगडावर गेलो, भवानीचे दर्शन घेतले. गडाविषयी पुस्तके आहेत, म्हणून येथे विस्तार करीत नाही. परंतु वरच्या अश्वारूढ पुतळ्याची एक घरगुती आठवण आहे. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंनी त्याचे अनावरण केले. त्या वेळी मुंबई राज्य द्वैभाषिक होते व संयुक्त महाराष्ट्रासाठी समितीने काळ्या निशाणांची प्रचंड निदर्शने केली. आमचे वडील २४ वर्षांचे होते. ते रात्रीच भाकरी बांधून घेऊन पसरणीच्या घाटात जाऊन उभे राहिले. पुतळ्याविषयी वडिलांची तक्रार मुळीच नव्हती. पंडितजींविषयीही त्यांना आदर होता. पण मोटारी पुढून गेल्या तेव्हा निशाण धरलेला हात दुखू लागला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. हे ते मरेपर्यंत सांगत. मोटाररस्त्यालाही इतिहास आहे, तो असा.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यास आणली गेली. ती महाराजांचीच, असे निश्चित सांगता येत नाही, हे त्या संग्रहालयानेच म्हटले आहे. तरी लोकांनी रांगा लावल्या. आम्हीही त्या रांगेत होतो. पुढे जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात प्रतापगड आहे, ही आनंदाची गोष्ट होय. ज्या दिवशी आम्ही रडतोंडी उतरलो, त्या दिवशी वरपासून खालपर्यंत आम्हांस एक गवताचा भारा घेतलेली बाई व दोन म्हशी भेटल्या.

गडावरून आंबेनळीच्या घाटाने पोलादपूरकडे उतरताना आमच्या गाडीने थोडा त्रास दिला. दोन फेऱ्यांच्या इंजिनाला उतारावर स्वतःची अडवण फारशी नसते, सारा भार ब्रेकवर येतो. सातव्या की आठव्या वळणावर मागचा ब्रेक तापून ढिला पडला. गाडी झाडाखाली घेऊन अर्धा तास बसलो. प्लगावर काजळीही धरली होती, ती रेजमाल कागदाने घासून काढली. बसल्या जागेवरून रस्त्याचे सहा वेढे एकाखाली एक दिसत होते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा घाट जागोजागी खचला व बरेच दिवस बंद होता. त्याच दिवसांत महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गेले. डोंगर तासून केलेल्या रस्त्याला डोंगर अधूनमधून हिशेब विचारतो, असे घाटातले लोक म्हणतात.

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी दाखवितात. महाराजांच्या हयातीत संस्कृतात शिवभारत रचणारा हा कवी. अफझलखानाचे प्रकरण त्यात विस्ताराने आले आहे. समाधीपाशी आम्हांखेरीज कोणी नव्हते. जवळच तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आहे, पण सूर्य कलला होता, म्हणून तेथे जाता आले नाही याची रुखरुख राहिली.

महाडास मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी चवदार तळ्यावर गेलो. नगरपालिकेचा ठराव असूनही ज्यांना तेथे ओंजळभर पाणी घेता येत नव्हते, त्यांच्यासह डॉ. बाबासाहेब आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी तळ्यावर आले व पाणी प्याले. घाटवाटा, बंदर, जकात ह्यांच्या इतिहासात ही गोष्ट कशास, असे कोणास वाटेल. आम्हांस ती सोडून पुढे जाता येईना. महाडास सर्व वाटा मिळत होत्या, मीठ येथूनच वर जात होते आणि त्याच गावात माणसाला पाणी मिळत नव्हते. एका ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिताना तर हा उल्लेख टाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आम्ही हेल्मेट काढून काही वेळ उभे राहिलो. पुतण्याने तळ्याच्या पायरीवर बसून पाठ्यपुस्तकात न भेटलेली ही सगळी हकीकत आम्हांकडून विचारून घेतली.

महाडाजवळ सावित्रीवरील नवा पूल पाहिला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तेथला ब्रिटिश अमदानीतला पूल पुरात कोसळून दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. आदल्या दिवशी पारचा पूल ओलांडलेला असल्यामुळे आम्ही दोघेही नव्या पुलावर थोडे गप्पच होतो.

वरंधा घाटाविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. शिवथरची घळ तेथून जवळच आहे, जेथे समर्थांनी दासबोध सांगितला अशी श्रद्धा आहे. परंतु रस्ता खराब, अंगात ताप भरल्यासारखा झालेला व पुतण्याची दुसऱ्या दिवशी नोकरीवर हजेरी, ह्यामुळे आम्ही थांबलो नाही. घाटमाथा ओलांडून हिरडस मावळात उतरलो. कान्होजी जेधे ह्याच मुलखातले. आदिलशाही फर्मान हाती पडूनही ते आपल्या मुलांसह महाराजांकडे गेले. खानाला उतरण्यास एकच वाट मिळाली, ती ह्या माणसांनी बाकीच्या वाटा राखल्या म्हणून. भोरला संध्याकाळी चहा घेतला आणि रात्री वाईस पोचलो. गुडघे आठ दिवस सुजलेले होते.

त्या मुलाचा आम्ही शोध केला. तो आता चाळिशी ओलांडलेला असून मुंबईस आहे, एवढे कळले. त्याच्या मामाकडून पत्ता मिळवून आम्ही पत्र धाडले. त्यात लिहिले, की तुझ्या आजीचे खरे होते व आमचे खोटे होते. महिनाभराने त्याचा फोन आला. त्याला तो प्रसंग आठवत नव्हता. रडतोंडी मात्र आठवत होती. लहानपणी आजीबरोबर तो ती एकदा चढला होता, आणि अर्ध्या वाटेत रडला होता, असे त्याने सांगितले. मग त्याने आमच्या गुडघ्यांची चौकशी केली.

भिंतीवर नकाशा रंगविलेली ती शाळा अजून चालू आहे. पट कमी झाला आहे. रंग फिका पडला होता, पण रेघ दिसत होती. विद्यमान मुख्याध्यापकबाईंची परवानगी घेऊन आम्ही पेंटर नेला. मोटाररस्त्याची तांबडी रेघ तशीच ठेविली व तिच्यापुढे तो केव्हा झाला ते शतक घातले. मेटतळ्यापासून पारपर्यंत पांढऱ्या रंगाची तुटक रेघ नवीन काढविली आणि तिच्यावर नाव लिहविले. ते वाचून चौथीची मुले हसली. पेंटरने ७०० रुपये घेतले.